‘थरार’ या शब्दाविरुद्ध

चैत्र लागला की आमच्या जिल्ह्यात ‘थरार’ रंगू लागतो. पारनेर, संगमनेर, अकोले, श्रीगोंदे या तालुक्यांतल्या गावोगावच्या यात्रा सुरू होतात, घाट झाडले जातात, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर एकच वाक्य गावाचे नाव तेवढे बदलून छापून येते : अमुक गावी बैलगाडा शर्यतीचा थरार रंगला. क्वचित कधी त्याच पानाच्या तळाशी चार ओळींची दुसरी बातमी असते, की गाडा गर्दीत घुसला आणि कोणी जखमी झाले, कोणी दगावले. पहिल्या बातमीला छायाचित्र असते, दुसरीला नसते. या दोन बातम्या एकाच घटनेच्या आहेत हे सांगणारे वाक्य मराठीत अजून कोणी लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

आम्ही मराठी शिकवतो. शब्दांवर राग धरणे हा आमच्या व्यवसायाचा भाग आहे आणि त्यातले बरेचसे राग निरुपद्रवी असतात. हा तसा नाही. ‘थरार’ हा शब्द काय करतो ते पाहावे. थरथरण्याशी नाते सांगणारा हा शब्द शर्यतीचे वर्णन करतच नाही. तो पाहणाऱ्याच्या कातडीचे वर्णन करतो. जो पळतो, जो पळवतो, जो जमीन सपाट करतो, जो गर्दीला कुठे उभे राहायचे ते सांगतो (किंवा सांगत नाही), त्यांपैकी कोणीही या शब्दात नाही. ‘थरार रंगला’ या वाक्याला कर्ता आहे तो फक्त व्याकरणापुरता. रंगवला कोणी, कशाने, कोणाच्या जिवावर, हे प्रश्न त्या वाक्यात विचारताच येत नाहीत. अपघात झाला की हीच भाषा एक पाऊल पुढे जाते : घाटाने बळी घेतला. म्हणजे आता जमीनच कर्ती झाली. आयोजक सुटले, प्रशासन सुटले, गाडामालक सुटला, आणि बातमी लिहिणाराही सुटला.

ज्यांनी घाट पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. पुणे आणि नगर जिल्ह्यांच्या या पट्ट्यात शर्यत होते ती सातारा-सांगलीकडच्या शर्यतीसारखी नव्हे. तिकडे छकड्यावर हाकणारा असतो आणि जोड्या एकमेकींशी भिडतात. इकडे एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला चार बैल : पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला. गाड्यात माणूस नसतो. पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. बैल त्या घोडीच्या मागे चढाच्या जमिनीवर पळत सुटतात. झुंज घड्याळाशी असते. अकरा, बारा, तेरा सेकंदांत बारी संपते आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागाने लागतो. पूर्वी हे काम हातातले घड्याळ आणि झेंडा यांवर चाले. त्यात भांडणेही होत. आता बहुतेक मोठ्या घाटांवर सेन्सर आणि आकड्यांचा पडदा असतो, वर ड्रोन फिरतो आणि यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालते. शेतावरचा बैल ट्रॅक्टरने घालवला. शर्यतीचा बैल मात्र लाखांत विकला जातो. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडमधील चिखलीच्या घाटावर बक्षिसांत जेसीबी यंत्र होते. ज्या यंत्रांनी बैलाला शेतातून उठवले, त्यांच्यापैकीच एक आता बैलाला मिळालेले बक्षीस म्हणून दारात उभे राहते, हा तपशील एखाद्या कादंबरीकाराला पुरेसा व्हावा. आम्हाला तरी तो कुठल्या कादंबरीत भेटलेला नाही.

एवढ्यावरून ध्यानात यावे की ही तंत्राची शर्यत आहे. कोणता बैल जुकाटाला पळेल, कोणता धुरेला. डावीकडे ओढणाऱ्या बैलाच्या जोडीला कोण. जमीन ओली किती ठेवायची. गाडा किती हलका. घोडी किती अंतरावर. आणि निशाणापुढे बैल धरणारी माणसे किती व कुठे उभी. घाटावरच्या माणसांची बोलणी याच गोष्टींची असतात. तिथे ‘थरार’ हा शब्द आम्ही क्वचितच ऐकला. तिथला शब्द ‘नाद’ आहे, आणि तो कितीतरी प्रामाणिक आहे, कारण नाद हा कोणाला तरी असतो. नादाला माणूस लागतो, पैसा लागतो, घरच्यांचा विरोध लागतो. ‘थरार’ला फक्त प्रेक्षक लागतो.

आता थोडे लांब जाऊ. वेगाच्या शर्यतीचे जगातले सर्वांत महागडे रूप, म्हणजे फॉर्म्युला वन, एका काळात नेमक्या याच भाषेच्या कैदेत होते, आणि ती कैद कशी फुटली याचा इतिहास आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. १९६० आणि १९७० च्या दशकांत त्या शर्यतीत चालक इतक्या नित्याने मरत की मृत्यू हा तिच्या सौंदर्याचाच भाग मानला जाई. शूर चालक, निर्दय रस्ता, नियती. या तीन शब्दांत बहुतेक वार्तांकन आटोपे. दरम्यान गाड्या बदलत होत्या. १९६२ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस २५ ने नळ्यांचा सांगाडा टाकून कवचासारखा सलग देह आणला. चालक त्यात जवळजवळ आडवा झोपून गाडी हाकू लागला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पेट्रोल आले. १९६६ साली इंजिनाची मर्यादा दीड लिटरवरून तीन लिटरवर, म्हणजे एकदम दुपटीवर गेली. रस्ते मात्र तेच राहिले : झाडे, तारेचे खांब, शेतघरे, आणि धोक्याच्या वळणावर गवताचे भारे.

१२ जून १९६६ रोजी बेल्जियममध्ये स्पा येथे पहिल्याच फेरीत पाऊस आला आणि अनेक गाड्या रस्ता सोडून गेल्या. त्यांत जॅकी स्टुअर्टची बीआरएम होती. तो चेपलेल्या गाडीत अडकला, अंगावर पेट्रोल गळत होते, आणि त्याला बाहेर काढायला तिथे ना माणूस होता ना हत्यार. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट हे त्याचे प्रतिस्पर्धी. तेही तिथेच घसरले होते. त्या दोघांनी एका प्रेक्षकाच्या हत्यारांतून पाना मागून आणून सुकाणूचे चाक सोडवले आणि त्याला बाहेर काढले. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत सुकाणूजवळ पाना चिकटवून शर्यतीला उतरू लागला. आमच्या मते फॉर्म्युला वनच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे तांत्रिक उपकरण हा पाना आहे. कारण त्या दिवसापासून स्टुअर्टने ‘नियती’ हा शब्द सोडला आणि मोजायला सुरुवात केली : डॉक्टर कुठे, रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने, कठडा किती उंच, आग विझवणाऱ्याच्या अंगावर कपडे कोणते. चालकांनी नकार दिल्यामुळे १९६९ ची स्पाची शर्यत झाली नाही. १९७० साली न्यूरबर्गरिंगची शर्यत हॉकेनहाइमला हलवावी लागली.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ती गोष्ट पुढे आहे. स्टुअर्टला सर्वांत कडवा विरोध केला तो त्या काळच्या सर्वांत चांगल्या लेखकाने. डेनिस जेन्किन्सन हा ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचा बातमीदार. तो खुर्चीवरचा शूर नव्हता. १९५५ च्या मिले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसून, कागदाच्या गुंडाळीवर लिहिलेल्या खुणा वाचत त्याने इटलीचे हजार मैल पार केले होते आणि ते जिंकले होते. वेगाविषयी त्याच्याइतके नेमके गद्य फार थोड्यांनी लिहिले असेल. पण शर्यतीची सुरक्षितता हा त्याला शर्यतीचा अवमान वाटे. उत्तम शैली आणि चुकीची बाजू यांची गाठ पडणे साहित्यात नवे नाही, आणि आपण ते नेहमी शैलीच्या बाजूने सोडवतो. इथे मात्र स्टुअर्टच बरोबर होता.

बाकीचे दाखले लवकर सांगतो. १९६७ साली मोनॅको येथे लॉरेन्झो बांदिनीची गाडी गवताच्या भाऱ्यांवर आदळून पेटली. संरक्षणासाठी ठेवलेले भारेच पेटले, आणि तीन दिवसांनी तो गेला. काही वर्षांत गवताचे भारे शर्यतीतून हद्दपार झाले. १९६८ पासून गाड्यांवर उंच पंख आले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनात माँज्विकच्या रस्त्यावर लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख जवळजवळ एकाच जागी मोडले. दुसऱ्या गाडीत जखमी झालेला योखेन रिंट; त्याने पंखांविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. स्वतःच्या संघाच्या शोधाविरुद्ध लिहिलेले हे पत्र म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे खरी समीक्षा. मोनॅकोच्या पुढच्याच शर्यतीच्या आधी उंच पंखांवर बंदी आली. रिंट स्वतः १९७० च्या सप्टेंबरात मोंझा येथे सरावात मरण पावला आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. तेव्हाही ‘नियती’ हा शब्द पुन्हा फार वापरला गेला.

२९ जुलै १९७३ या दिवसावर मात्र थोडे थांबायला हवे. नेदरलंड्समध्ये झांडव्हूर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. तो आत जिवंत होता. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या चालकाने आपली गाडी थांबवली, रस्ता ओलांडून धावला, आणि एकट्याने ती उलटी गाडी सरळ करू पाहत राहिला. बाजूला उभ्या कर्मचाऱ्यांकडे आगीत जाण्याजोगे कपडे नव्हते. शर्यत चालू राहिली. जवळून जाणाऱ्या चालकांना वाटले की तो धडपडणारा माणूस म्हणजे त्याच गाडीचा चालक, सुखरूप बाहेर आलेला. पर्लीला पुढे जॉर्ज पदक मिळाले. ही घटना दूरचित्रवाणीवर लोकांनी पाहिली. तिला काय म्हणायचे? थरार? त्या छायाचित्रांकडे पाहताना कोणाचीही कातडी थरथरतेच. पण ‘थरार’ म्हटले की पर्लीच्या हातातले रिकामे अग्निशामक नळकांडे आणि कर्मचाऱ्यांच्या अंगावरचे साधे कपडे दिसेनासे होतात, आणि विल्यमसनच्या मरणाचे कारण तर तेच आहे.

वैराचेही तसेच. १९८२ च्या एप्रिलात इमोला येथे दिदिए पिरोनीने शेवटच्या फेरीत आपल्याच संघातल्या जिल व्हिलनवला मागे टाकले. संघाने वेग कमी करण्याची खूण दाखवलेली असताना हे झाले, असे व्हिलनवचे म्हणणे; तो पुन्हा पिरोनीशी बोलणार नव्हता. तेरा दिवसांनी, ८ मे रोजी, बेल्जियममध्ये झोल्डरला पात्रता फेरीत पिरोनीपेक्षा चांगली वेळ काढण्याच्या धडपडीत तो दुसऱ्या गाडीवर आदळून मेला. यावर सुडाचे नाटक रचणे सोपे आहे आणि ते अनेकांनी रचले. पण त्या वर्षीच्या गाड्यांच्या पोटाखालची हवा त्यांना जमिनीला चिकटवून ठेवी. त्यासाठी गाड्या इतक्या ताठ कराव्या लागत की चालकाला हादऱ्यांतून नीट दिसणेही मुश्किल होई. आणि त्या धडकेत व्हिलनवचे आसनच गाडीपासून सुटले. वैर खरे होते, आसनही खरे होते. १९८३ साली नियमकर्त्यांनी गाड्यांचे तळ सपाट केले. वैरावर अर्थातच कोणी बंदी घातली नाही. जून १९८२ नंतर १९९४ च्या इमोलापर्यंत फॉर्म्युला वनच्या एकाही शर्यतीच्या मुक्कामात चालक मेला नाही, आणि या काळात वैर कमी झाले होते असे प्रोस्ट व सेना यांची नावे ऐकलेला कोणीही म्हणणार नाही.

आता एक आक्षेप, आणि तो खराच मोठा आहे. स्टुअर्ट बोलू शकत होता. गाडीत बसायचे की नाही हे त्याने ठरवले होते. बैलाने काय ठरवले आहे? ही तुलनाच मुळात खोटी नव्हे काय? आम्ही हा आक्षेप पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच ‘थरार’वरचा आमचा राग दुणावतो. जिथे धोका पत्करणारा स्वतः बोलू शकत होता, तिथेसुद्धा नियतीची भाषा हटवायला पंधरा-वीस वर्षे लागली. जिथे तो बोलूच शकत नाही, तिथे लिहिणाऱ्याला किती जबाबदारीने लिहायला हवे?

पण इथे दोन्ही बाजूंच्या भाषा सारख्याच निरुपयोगी ठरल्या आहेत. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण शर्यती सुरू झाल्या त्या १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानंतर. आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वर्षांत एका बाजूचे लोक ‘मुका जीव’ म्हणत राहिले आणि दुसऱ्या बाजूचे ‘परंपरा’. मुका जीव म्हटले की बैल फक्त सोसणारा उरतो. त्याचे पळणे, त्याची तयारी, त्याचे बुजणे आणि न बुजणे यांविषयी काहीच कळून घ्यावे लागत नाही. परंपरा म्हटले की टोचणी लावलेली काठी, शेपूट पिरगाळणे, विजेचा झटका या न्यायालयापुढे आलेल्या गोष्टींविषयी काहीच बोलावे लागत नाही, कारण परंपरेला हात नसतात. महाराष्ट्राच्या दुरुस्तीने तर शर्यतीच्या व्याख्येतच परंपरा आणि संस्कृती हे शब्द घातले आहेत. गाडीवान असो वा नसो, शंकरपट असो वा छकडी, ती परंपरेसाठीच असते असे कायदाच गृहीत धरतो. आणि ही संस्कृती आहे की नाही हे ठरवणे विधिमंडळाचे काम, असे म्हणून न्यायालयाने तो प्रश्न बाजूला ठेवला. न्यायालयाचे एक वेळ ठीक. पण संस्कृती कशाला म्हणावे हा प्रश्न ज्यांच्या अभ्यासक्रमातच आहे त्या आम्हा लोकांनीही तो बाजूला ठेवला, त्याचे काय?

उघडच सांगायचे तर बंदीची मागणी आम्ही करत नाही, आणि पुढाऱ्यांच्या फलकांखाली उभे राहून संस्कृतीरक्षणही करत नाही. शर्यत आहे; कायद्याने आहे; हजार मीटरांची मर्यादा, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद, हे सर्व कागदावर आहे. नाही ते लेखन. कोणत्या घाटावर कोणत्या वर्षी किती बैलांचे पाय गेले, किती माणसे जखमी झाली, गाडा कोणत्या बाजूला उधळला, याची सलग नोंद केलेली वही आम्हाला कोणी दाखवलेली नाही. ‘घाटाचा राजा’ कोण ठरला, किती सेकंदांत, हे मात्र वर्षांमागची वर्षे पाठ म्हणणारी माणसे गावोगाव आहेत. म्हणजे स्मरणशक्ती आहे, मोजण्याची हौस आहे, शंभरावा भागसुद्धा मोजला जातो. फक्त काय मोजायचे ते ‘थरार’ने ठरवून ठेवले आहे.

ग्रामीण साहित्याचे प्राध्यापक यावर म्हणतील की मराठी कथेत बैल काही कमी नाही. नाही कसा? विकला जाणारा बैल आहे, दुष्काळात दावणीला मरणारा आहे, पोळ्याला सजणारा आहे, मालकाकडे पाणावल्या डोळ्यांनी पाहणारा तर फारच आहे. करुणरसाला आमचा विरोध नाही. परंतु पळणारा बैल, त्याच्यामागचा हिशेब, त्याच्यावर लावलेले कर्ज, त्याला घडवणाऱ्या माणसाचे कौशल्य आणि त्याच माणसाचे क्रौर्य, हे एकाच पानावर मांडणारे गद्य आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवू शकलेलो नाही. आणि याला ‘ग्रामीण विरुद्ध नागर’ हे उत्तर पुरेसे नाही. याच जिल्ह्यात, नगर शहराजवळ वाहननगर येथे, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. रस्त्यावर येण्याआधी वाहनांना ज्या चाचण्या द्याव्या लागतात त्या घेण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. म्हणजे वेगाची परीक्षा कशी घ्यायची, थांबण्याचे अंतर कसे मोजायचे, हे ज्ञान आमच्या उंबऱ्याशी आहे. मराठी विभागातून तिकडे कोणी फिरकत नाही. यंत्राविषयीही आमच्या साहित्यात ‘राक्षस’ आणि ‘प्रगती’ असे दोनच शब्द फार काळ चालत आले.

शेवटी आमची स्वतःची एक चूक नोंदवतो, म्हणजे हा सगळा राग दुसऱ्यांवरच आहे असे कोणाला वाटू नये. काही वर्षांपूर्वी आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गाला ‘आमच्या गावची यात्रा’ असा निबंध दिला होता. बहुतेकांनी थरार लिहिला. अंगावर काटा, आसमंतात भंडारा, वगैरे. पारनेर तालुक्यातल्या एका मुलाने चारच परिच्छेद लिहिले होते. घाटातले दगड कोण वेचते, पाणी किती टँकर मारतात, चुलत्याचा बैल धुरेला का पळत नाही. आदल्या वर्षी उजव्या बाजूच्या एका म्हाताऱ्याचा पाय मोडला म्हणून त्या वर्षी तिथे दोर बांधला. डाव्या बाजूला बांधला नाही, कारण तिकडचे रान दुसऱ्या भावकीचे होते आणि ते खुंट्या ठोकू देईनात. आम्ही खाली शेरा लिहिला होता : ‘माहिती चांगली. लालित्य कमी पडते.’ दहापैकी पाच गुण.